वाचनालयातून पुस्तकांबरोबर खेळ आणि माहितीपटही घरी द्यावेत का? (बडोदे)

कारेलीबाग_वाचक

नमस्कार मंडळी. बडोद्यातील एका लहान मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काम पाहते. कथा-कादंबऱ्या, चरित्रे, दिवाळी अंक आणि मुलांची पुस्तके हा आमचा मुख्य संग्रह असून वर्गणी आणि देणग्या यांपलीकडे आम्हाला उत्पन्न नाही. अलीकडे आमच्या एका दिवंगत सभासदांच्या कुटुंबाने त्यांचा घरचा संग्रह वाचनालयाला देऊ केला आहे. त्यात पुस्तके आहेतच, परंतु त्यांच्याबरोबर बुद्धिबळाचे संच, इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, नकाशांची जोडकोडी, कापडी सारीपाट, सावंतवाडीच्या गंजिफांचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) एक देखणा संच, आणि चित्रकला, संगीत व वन्यजीवन या विषयांवरील माहितीपटांच्या बऱ्याच डीव्हीडी आहेत. या वस्तू कपाटात बंद न राहता लोकांच्या घरी जाव्यात, एवढीच त्या कुटुंबाची इच्छा आहे.

कार्यकारिणीत यावर दोन मते पडली. काही ज्येष्ठ सदस्यांना वाटते की वाचनालयाने वाचनालयच राहावे. खेळ आणले की मुले पुस्तकांच्या कपाटाकडे फिरकणार नाहीत. मला मात्र आमच्याकडे येणारी मुले डोळ्यांसमोर दिसतात. ती घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि मराठी पुस्तक हातात दिले की दुसऱ्या पानावर थकतात. तीच मुले आजीबरोबर पट मांडून बसली की तासभर मराठीत बोलतात, वाद घालतात, आकडे मराठीत मोजतात. अशा मुलाला वाचनालयाने घरी न्यायला एक खेळ आणि त्याला जोडून एक लहानसे पुस्तक दिले, तर त्यात वाचनाचे काही बिघडेल असे मला वाटत नाही.

येत्या सभेपूर्वी मला अनुभवी माणसांचा सल्ला हवा आहे. डीव्हीडी सभासदांना घरी देणे कायद्याला धरून आहे का? सोंगट्या आणि पत्ते हरवू नयेत म्हणून प्रत्यक्ष देवघेवीत काय करतात? आणि सार्वजनिक वाचनालयाच्या कामात हे बसते, असे म्हणायला काही आधार आहे का?

मांडवी_जुना_ग्रंथपाल

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपल्याच गावात आहे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती वाचायला काहीच आले नाही, तर शिकलेले अक्षर चार वर्षांत पुसले जाते, ही अडचण लगेच समोर आली. त्यासाठी १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बोलावून घेतले. १९१३ पर्यंत ते येथे होते, आणि त्या तीन वर्षांत स्वतंत्र ग्रंथालय खाते, मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालये अशी सगळी घडी बसली. महाराजांच्या राजवाड्यातील खाजगी ग्रंथसंग्रह या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. गावाने स्वतः काही रक्कम उभी केली की तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने द्यायची, या तीन सारख्या वाट्यांच्या योजनेमुळे खेड्यापाड्यांत वाचनालये उभी राहिली. मोतीभाई अमीन यांनी ही चळवळ गुजराती खेड्यांत नेली, तर बोर्डन यांच्यानंतर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी सांभाळली.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. शाळा सक्तीची झाली तरी त्या वेळच्या प्रौढांपैकी बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांच्या करातून ग्रंथालये चालतात त्यांतील निरक्षरांना ग्रंथालयाने काय द्यायचे, हा प्रश्न त्या खात्याने टाळला नाही. खात्यात दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखाच होती. सिनेमाची यंत्रे, जादूच्या दिव्यावर (चित्र मोठे करून पडद्यावर पाडणाऱ्या यंत्रावर) दाखवायच्या काचपट्ट्या, दोन डोळ्यांनी पाहिल्यावर खोली दिसणारी स्टिरिओस्कोपची चित्रे आणि चित्रांची कार्डे घेऊन ही शाखा लोकांपर्यंत जात असे, आणि हे खेळ विनामूल्य दाखवले जात. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि त्यात पुस्तकांबरोबर चित्रे व बैठे खेळ ठेवलेले होते. स्त्रियांसाठीही वेगळा विभाग होता. चालत्या चित्राला आणि खेळाला ग्रंथालयात जागा आहे, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी स्वतः कृतीने मान्य केलेले आहे, आणि हे आपल्या सभेत ठासून सांगावे असे मला मनापासून वाटते.

देशाच्या इतिहासातही याला जोड आहे. १९५१ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने दिल्ली पब्लिक लायब्ररी सुरू झाली, तेव्हा पुस्तकांच्या देवघेवीबरोबर चित्रपट आणि चर्चामंडळे हा तिच्या कामाचाच भाग धरला होता. खेळणी घरी देण्याची कल्पनाही जुनी आहे. लॉस एंजेलिस परगण्यात ती १९३५ पासून चालू आहे.

मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, ज्यांतून वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडतो. ज्यांनी इतक्या बारकाईने पुस्तकांचा विचार केला त्याच लोकांनी मुलांना खेळ दिले. तेव्हा खेळ ठेवणाऱ्यांना पुस्तकांची कदर नसते, असे कोणी म्हणत असेल तर त्यांना ती इमारत एकदा आतून दाखवावी.

रावपुरा

वरील इतिहास मला मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे, तरीही मी आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूने दोन शब्द बोलू इच्छितो.

त्या खात्यामागे एक संपन्न संस्थान उभे होते. आपल्या लहान वाचनालयामागे चार वर्गणीदार उभे आहेत. बडोद्याच्या मराठी वाचनालयांत अशी पुस्तके आहेत जी इतरत्र सहजी मिळत नाहीत. महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या ग्रंथमालांतील भाषांतरे, जुनी नियतकालिके, येथल्या छापखान्यांत छापलेल्या लहान पुस्तिका यांचा कागद आता हात लावताच तुटतो, कारण त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असते आणि ते कागदाला आतून खात राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि वाळवी तर विचारूच नका. या पुस्तकांची बांधणी, त्यांच्यासाठी आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेट्या आणि निदान त्यांचे छायाचित्रण यांना पैसे लागतात. ही पुस्तके गेली तर ती पुन्हा विकत घेता येणार नाहीत. बुद्धिबळाचा पट उद्याही बाजारात मिळेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे की देणगीतील खेळ जरूर घ्यावेत, परंतु पुढे नवे खेळ घेण्यासाठी ग्रंथखरेदीच्या रकमेला हात लावू नये. त्यासाठी वेगळा निधी असावा आणि तो वार्षिक हिशेबात वेगळा दाखवावा. दुसरे असे की आपल्याकडे देवघेवीला बसणारे बहुधा एकच गृहस्थ किंवा एकच बाई असतात. सोंगट्या मोजण्यात त्यांची संध्याकाळ गेली तर जुन्या वाचकाला हवे असलेले पुस्तक शोधून कोण देणार, याचा विचार ठराव करण्यापूर्वी व्हावा.

प्रतापनगर_वकील

डीव्हीडींच्या कायद्याविषयी लिहिते, कारण यावर वाचनालये विनाकारण घाबरतात, आणि काही वेळा जेथे खरोखर जपून राहायला हवे तेथे बेफिकीर असतात.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा आहे, आणि माहितीपट हाही कायद्याच्या दृष्टीने चित्रपटच आहे. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम २ मध्ये ‘व्यापारी भाडे’ या शब्दांची व्याख्या घालण्यात आली. ना-नफा तत्त्वावर चालणारे ग्रंथालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीररीत्या मिळवलेली संगणक-आज्ञावली, ध्वनिमुद्रण, दृश्यमुद्रण किंवा चित्रपट यांची प्रत ना-नफा हेतूने भाड्याने किंवा वापरायला देत असेल, तर ते या व्याख्येत मोडत नाही. म्हणजे आपले वाचनालय नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल आणि डीव्हीडी मूळ विकत घेतलेल्या असतील, तर त्या सभासदांना घरी देण्यात कायद्याची अडचण नाही. तरीही माझा सल्ला असा की डीव्हीडीसाठी प्रत्येक वेळी वेगळे शुल्क घेऊ नये. नेहमीच्या वर्गणीत ते बसवावे आणि अनामत घ्यायची असल्यास ती परत करण्याजोगी ठेवावी. यामुळे हेतूबद्दल कोणालाही शंका राहत नाही.

मर्यादा कोठे आहेत, हेही तितकेच नीट समजून घ्यावे. देणगीतील तबकड्यांत कोणी घरी नक्कल करून भरलेल्या तबकड्या असतील, तर त्या बाजूला काढाव्यात, कारण सवलत कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीलाच आहे. खराब होऊ नये म्हणून डीव्हीडीवरील माहितीपट पेनड्राइव्हमध्ये उतरवून तो पेनड्राइव्ह फिरवणे, हे वापरायला देणे नसून नवी प्रत करणे आहे. वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडून माहितीपट दाखवणे ही गोष्टही पूर्णपणे वेगळी आहे. घरी नेऊन पाहणे आणि जाहीर प्रदर्शन यांना कायदा एक मानत नाही, त्यामुळे प्रदर्शनासाठी निर्मात्याची लेखी परवानगी मागावी. स्वतंत्रपणे माहितीपट करणारे अनेक दिग्दर्शक संस्थांसाठी प्रदर्शनाच्या हक्कासह वेगळी प्रत देतात, आणि वाचनालयाने आपुलकीने पत्र लिहिले तर बहुधा आनंदाने होकार कळवतात. तसेच कोणा सभासदाचे घरचे ऑनलाइन चित्रपटांचे खाते वाचनालयात सर्वांसाठी उघडून ठेवू नये, कारण ती खाती वैयक्तिक वापराच्या करारावर दिलेली असतात.

वरील व्याख्येत संगणक-आज्ञावलीचा उल्लेख असल्यामुळे तबकडीवर विकत घेतलेले संगणकीय खेळही त्याच न्यायाने देता येतात. मात्र हल्लीचे बहुतेक खेळ एका खात्याशी बांधलेले असतात आणि तबकडी हातात असूनही दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे लागण्यात लहान वाचनालयाला फारसा लाभ दिसत नाही.

दाखल करण्यापूर्वी प्रत्येक तबकडी एकदा पूर्ण चालवून पाहावी. परदेशातून आणलेल्या डीव्हीडीवर विभागाचा सांकेतिक अंक असतो. भारताचा विभाग ५ आहे, आणि दुसऱ्या विभागाची तबकडी येथील पुष्कळ यंत्रांवर उघडत नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, आणि पुसायच्या झाल्यास मध्यापासून कडेकडे सरळ पुसाव्यात; गोल फिरवून पुसल्याने पडणारा ओरखडा यंत्राला अधिक त्रास देतो. आता अनेक घरांत डीव्हीडी चालवण्याचे यंत्रच उरलेले नाही, म्हणून संगणकाला बाहेरून जोडायचे एखादे लहान यंत्रही डीव्हीडीबरोबर देण्याची सोय करता आली तर पाहावे. फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. तिचे अनेक माहितीपट अधिकृतरीत्या इंटरनेटवर उपलब्ध आहेत. त्यांची विषयवार यादी करून वाचनालयात लावली, तर ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनाही उपयोग होईल.

शेवटी एक कागद. कुटुंबाकडून लेखी देणगीपत्र घ्यावे, आणि निरुपयोगी झालेली वस्तू संग्रहातून काढण्याचा अधिकार वाचनालयाला राहील, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

दांडिया_बाजार_बालविभाग

मी एका शाळेच्या ग्रंथालयात मुलांचा विभाग पाहते आणि आमच्याकडे खेळ घरी दिले जातात, त्यामुळे सोंगट्या हरवण्याच्या प्रश्नावर अनुभवाने सांगू शकते. रावपुऱ्याच्या काकांनी देवघेवीच्या वेळेचा मुद्दा काढला तो अगदी खरा आहे, आणि त्याचे उत्तर वजनकाट्यात सापडते.

खेळ दाखल करताना त्यातील प्रत्येक वस्तू मोजून यादी करावी आणि ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. बुद्धिबळ असेल तर ३२ मोहरी व पट. इंग्रजी शब्दांचा खेळ असेल तर त्याच्या नेहमीच्या संचात १०० अक्षरे, त्यांची पिशवी आणि अक्षरे मांडायच्या चार घोड्या. त्यानंतर संपूर्ण खोके स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून त्याचे वजन ग्रॅममध्ये यादीखाली लिहावे. परत आलेले खोके काट्यावर ठेवले आणि वजन जुळले, तर मोजण्याची गरज पडत नाही. कमी भरले तरच यादी घेऊन बसायचे. आर्द्रतेने पुठ्ठ्याचे वजन थोडे बदलते, म्हणून पावसाळ्यात चार-दोन ग्रॅमचा फरक मनावर घेऊ नये. पत्त्यांच्या बाबतीत मात्र काट्यावर विसंबू नये, कारण एक पत्ता फार हलका असतो. ते मोजावेच लागतात.

सुट्या वस्तू खोक्यात मोकळ्या सोडू नयेत. प्रत्येक प्रकारासाठी नाडीची लहान कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि पिशवीवर दाखल क्रमांक लिहावा, म्हणजे सोफ्याखाली सापडलेली पिशवीही आपल्या घरी परत येते. फासे, सोंगट्या आणि कवड्या यांचा एक जादा डबा कपाटात असू द्यावा. हरवलेल्या एका प्याद्यासाठी आईवडिलांकडून संपूर्ण संचाची किंमत वसूल करू नये. तसे केले की ते घर पुन्हा खेळ नेत नाही आणि हळूहळू पुस्तकही नेत नाही. बदली प्यादे द्यावे आणि नोंद करावी, एवढे पुरे. मुदत पुस्तकापेक्षा कमी ठेवावी, कारण खेळाला मागणी एकदम येते, आणि एका कुटुंबाला एका वेळी एकच खेळ द्यावा. कॅरम बोर्ड मात्र घरी देऊ नये. तो रिक्षात नेताना कडेला आपटतो आणि फळीला बाक आला की खेळ बिघडतो. तो वाचनालयातच मांडावा.

वयाची सूचना खोक्यावर ठळक असावी. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बारीक सोंगट्यांचा खेळ देताना पालकांना तोंडी सांगावे. पुढे नवे खेळ विकत घ्याल तेव्हा आयएसआय चिन्ह पाहून घ्यावेत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते आवश्यक आहे.

खेळाचे नियम मराठीत लिहून प्रत्येक खोक्यात ठेवावेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छापील इंग्रजी पत्रक कोणी वाचत नाही आणि तेच सर्वांत आधी हरवते. आमच्याकडे वरच्या वर्गातील मुलांनी स्वतः खेळून नियम मराठीत उतरवले. प्रत्येक वाक्य नेमके असावे लागते, नाहीतर खेळणारे भांडतात, त्यामुळे मुले एकेका शब्दावर थांबून विचार करू लागली. मराठी लेखनाचा इतका उपयोगी सराव मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आपल्या कार्यकारिणीतील ज्येष्ठांनाच या कामात सल्लागार म्हणून बोलवावे. सारीपाट लहानपणी प्रत्यक्ष खेळलेली माणसे आता थोडीच आहेत आणि घरोघरचे नियम वेगवेगळे असत, ते त्यांच्याकडून लिहून घेण्यासारखे आहेत.

मांडणीत खेळांना वेगळा कोपरा करू नये, असेही सुचवते. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, बुद्धिबळ ७९४.१ मध्ये येते; मग बुद्धिबळाचा संच बुद्धिबळावरील पुस्तकांशेजारीच असू द्यावा. माहितीपटाच्या पाकिटात त्याच विषयावरील आपल्या संग्रहातील पुस्तकांची चिठ्ठी ठेवावी. डॉ. आंबेडकरांवरील माहितीपट घरी जात असेल, तर सयाजीरावांनी १९१३ मध्ये त्यांना कोलंबियाला जाण्यासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीचा उल्लेख असलेले चरित्र आणि सयाजीबागेतील संकल्पभूमीची (जेथे आंबेडकरांनी अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प केला, त्या जागेची) माहिती त्या चिठ्ठीत असावी. मूल आधी पाहते, मग आईबरोबर ते ठिकाण बघून येते आणि मग पुस्तक मागते, हा क्रम मी अनेकदा पाहिला आहे.

कारेलीबाग_वाचक

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. रावपुऱ्याच्या काकांची वेगळ्या निधीची सूचना मी ठरावात शब्दशः घालणार आहे, कारण ती न्याय्य आहे आणि तिच्यामुळे सभेतील निम्मी चिंता दूर होईल. नियम मराठीत लिहिण्याचे काम ज्येष्ठ सदस्यांकडे सोपवण्याची कल्पना तर मला फारच आवडली.

एकच गोष्ट अजून ठरत नाही. गंजिफांचा संच हाताने रंगवलेला आहे. तो घरी द्यावा का? न दिल्यास कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध जाईल, आणि दिल्यास एक पत्ता जरी हरवला तरी संच कायमचा अपुरा होईल.

मांडवी_जुना_ग्रंथपाल

तो घरी देऊ नये. पत्ते मोजून पाहा. दशावतारी संच असेल तर दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते भरतील, आणि हाताने रंगवलेला हरवलेला पत्ता दुसऱ्या संचातून आणून जुळवता येत नाही. परंतु तो काचेच्या कपाटातही ठेवू नये. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून, सभागृहात पांढरी चादर अंथरून तो खेळायला काढावा, तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पत्ते वाटून. दिवसा खेळ रामाच्या राजाने आणि सूर्यास्तानंतर कृष्णाच्या राजाने सुरू होतो, हे मुलांना खेळतानाच कळू द्यावे. घरी देण्यासाठी कमी किमतीचा नवा संच वेगळ्या निधीतून घ्यावा, आणि मूळ संच लोकांच्या हाती कसा जाणार आहे हे त्या कुटुंबाला आधी भेटून सांगावे. पहिल्या संध्याकाळचे निमंत्रणही त्यांनाच द्यावे. खेळ संपल्यावर पत्ते मऊ कोरड्या कापडाने पुसून, मोजून, लाकडी डब्यात ठेवावेत आणि मोजणाऱ्याची सही नोंदवहीत घ्यावी.